आशेचा पुरावा कुठे शोधायचा? उपवासकाळ, ख्रिस्तपुराण आणि नव्या जगाची कल्पना



पेट झाली, विषय डोक्यात आहे, पण सिनॉप्सिस पुढे सरकत नाही, अशा अवस्थेत तुमच्यापैकी बरेच जण असतील. त्यातही विषय श्रद्धा, भीती, आशा, भक्ती असल्या शब्दांभोवती फिरत असेल तर पहिला आक्षेप ठरलेला: "हे मोजणार कसं?" विज्ञान शाखेतून आलेल्यांना तर हा प्रश्न जास्तच छळतो. माझी पदव्युत्तर पदवी विज्ञानातली, त्यामुळे ही अडचण मला परकी नाही. आपल्याला वाटत असतं की जे मोजता येत नाही त्याचा पुरावाही नसतो. इतिहासात तसं नसतं. पुरावा असतो, पण तो नेमका कशाचा पुरावा आहे हे ठरवायला वेळ लागतो.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ आणि त्या काळात सांगितली जाणारी 'नव्या जगाची आशा'. मराठी बोलणाऱ्या, मराठीत प्रार्थना करणाऱ्या लोकांनी गेल्या चारशे वर्षांत या आशेला काय अर्थ दिला? आणि आपण ते कशावरून सांगायचं?

आधी शब्द तपासा

कुठल्याही विषयात पहिलं काम शब्दाचं. उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो. हे दिवस मोजले तर ४६ भरतात. त्यातले सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून ४०. बुधवारी कपाळावर लावायची राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या फांद्या जाळून करतात. म्हणजे गेल्या वर्षी जयजयकारात हलवलेली झावळी या वर्षी माणसाला त्याच्या मातीची आठवण करून देते.

आता याच काळाची तीन भाषांतली नावं बघा. पोर्तुगीजमध्ये 'क्वारेज्मा', म्हणजे चाळिसावा. गोव्याच्या कोकणीतलं 'कोरेजम' त्याच्यावरूनच आलं. इंग्रजीतला 'लेंट' हा शब्द वसंतात दिवस मोठा होत जातो त्यावरून आला. मराठीत मात्र आपण 'उपवासकाळ' किंवा 'प्रायश्चित्तकाळ' म्हणतो. एका भाषेनं आकडा पकडला, दुसरीनं ऋतू, तिसरीनं माणसानं करायची कृती. नुसत्या 'उपवासकाळ' या नावावरून हा काळ खाण्यापिण्याच्या पथ्याचा वाटतो, आशेचा नाही.

पण या काळातली वाचनं बघितली तर चित्र बदलतं. राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायातला भाग वाचतात. त्याचा आशय असा की देवाला हवा असलेला उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणं आणि भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं. चाळीस दिवस संपल्यावर ईस्टरच्या जागरणात पहिलं वाचन येतं ते थेट उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचं, म्हणजे सृष्टी निर्माण झाल्याच्या कथेचं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात नवं आकाश आणि नवी पृथ्वी यांचं दर्शन येतं. तेव्हा या काळाचं टोक फक्त 'माझं पाप फिटलं' इथे नाही. जग पुन्हा सुरू होण्याची अपेक्षा त्यात आहे.

'नवं' या शब्दावरही थांबावं लागतं. ग्रीकमध्ये नव्यासाठी 'नेओस' आणि 'काइनोस' असे दोन शब्द आहेत. ढोबळमानानं पहिला म्हणजे आत्ताच जन्मलेलं, दुसरा म्हणजे वेगळ्या प्रतीचं, नूतन झालेलं. नव्या पृथ्वीसाठी दुसरा शब्द वापरला आहे. यावरून काही जण लगेच सिद्धांत मांडतात की जुनं जग नष्ट होणार नसून त्याचंच नूतनीकरण होणार. सावध राहा. त्या काळच्या ग्रीकमध्ये हा भेद प्रत्येक ठिकाणी काटेकोर पाळलेला नाही. एका शब्दावर अख्खं प्रकरण उभं करू नका.

आपण नवी मुंबईकरांना तर 'नवी' या शब्दाचा अनुभव आहेच. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. कुणाला त्यात भविष्य दिसलं, कुणाची शेतं आणि मिठागरं गेली. जानेवारी १९८४च्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले आणि पुढे साडेबारा टक्के योजना आली. ही आठवण इथे काढण्याचं कारण एवढंच की 'नवं' म्हटलं की दोन प्रश्न आपोआप विचारले पाहिजेत. नवं कुणासाठी? आणि त्यासाठी कुणाचं काय गेलं? हे दोन प्रश्न सोबत घेऊन आता चारशे वर्षं मागे जाऊ.

राचोल, १६१६

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशायरचा माणूस. येशूसंघीय पाद्री म्हणून तो ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला, त्यातली बरीच वर्षं साष्टीत. भारतीय भाषांचं ग्रीक आणि लॅटिनशी साम्य आहे, हे त्यानं १५८३च्या एका पत्रात नोंदवलं होतं. इथली भाषा तो इतकी शिकला की ओवी छंदात त्यानं येशूची कथा लिहिली. ती १६१६ साली राचोल इथे छापली गेली. तेच ख्रिस्तपुराण.

त्याचे दोन भाग आहेत. 'पैले पुराण' ३६ अध्यायांचं. ते सृष्टीच्या निर्मितीपासून सुरू होतं आणि तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांची कथा सांगतं. 'दुसरे पुराण' ५९ अध्यायांचं. त्यात येशूचं जीवन, दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान येतं. प्रचलित छापील पाठानुसार एकूण ओव्या १०,९६२. म्हणजे वाट पाहणं आणि वाट पाहणं पूर्ण होणं, हीच या ग्रंथाची मोठी रचना आहे. स्वर्गासाठी त्यात 'वैकुंठ' येतं, तारणासाठी 'मुक्ती' येते. शब्द श्रोत्यांच्या ओळखीचे, अर्थ नव्यानं भरलेला.

ग्रंथाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. धर्मशिक्षणाचा वर्ग संपल्यावर साष्टीतला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला नवं काहीतरी द्या. सिनॉप्सिस लिहिणाऱ्याला हा प्रसंग सोन्यासारखा वाटेल. नवख्रिस्ती लोकांची नव्या कथेची ओढ सांगणारा थेट पुरावा!

पण तो कुणी लिहिला आहे? पाद्रीनंच. आणि कोणत्या परिस्थितीत? साष्टीतली देवळं पाडली गेली होती. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार मारलं; त्यात अकबराच्या दरबारी राहून आलेला रुदोल्फ आक्वाविवाही होता. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन मारलं. गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन होतं आणि मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२पर्यंत चाललं. अशा ठिकाणी 'आम्हाला नवं पुराण द्या' हे वाक्य श्रोत्याच्या तोंडी घातलेलं आहे की खरोखर कुणी बोललेलं आहे? ग्रंथाच्या आत राहून हे ठरत नाही. जुनी पुराणं गेल्याची पोकळी मात्र त्या वाक्यात मान्य केलेली आहे, आणि ती मान्य करणारा माणूस ती पोकळी निर्माण करणाऱ्या बाजूचा आहे. म्हणून मला ते वाक्य आशेपेक्षा नुकसानीचा पुरावा म्हणून जास्त भरवशाचं वाटतं. आपल्या बाजूला अडचणीची ठरणारी गोष्ट कुणी स्वतः लिहून ठेवली, तर तिचं वजन वाढतं. हा नियम तुमच्या वहीत लिहून ठेवा.

सक्तीनं तयार होणारा डेटा

उपवासकाळाचा आणखी एक पैलू आपल्या कामाचा आहे. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं प्रत्येक कॅथलिकाला वर्षातून एकदा पापनिवेदन आणि ईस्टरच्या सुमारास कम्युनियन बंधनकारक केलं. त्यामुळे पोर्तुगालमधल्या धर्मग्रामांत पाद्री उपवासकाळात घरोघरच्या माणसांच्या याद्या करत: पापनिवेदन कुणी केलं, कुणाचं राहिलं. आज लोकसंख्येचा इतिहास अभ्यासणारे या याद्या वापरतात. धार्मिक पंचांगानं आपोआप तयार केलेला डेटाच म्हणा ना.

मात्र या यादीतल्या नावापुढची खूण काय सिद्ध करते? माणूस आला होता, एवढंच. तो आशेनं आला, सवयीनं आला की दंडाच्या भीतीनं, हे खुणेत नाही. विज्ञानात आपण म्हणतो, उपकरण जे मोजतं तेच मोजतं. इथे उपकरण म्हणजे यादी, आणि ती आज्ञापालन मोजते.

श्रोत्यांकडून आलेला पुरावा

मग श्रोत्यांच्या बाजूचा काही पुरावा आहे का? आहे, आणि तो ग्रंथाच्या मजकुरात नसून त्याच्या प्रवासात आहे.

ख्रिस्तपुराण १६१६नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. पुढे १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. म्हणजे या ग्रंथाच्या भाषेवरच गदा आली. तरीही ग्रंथ टिकला, कारण लोक तो हातानं उतरवत राहिले. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला छापलेली आवृत्ती अशा हस्तलिखितांवरूनच तयार झाली. १९२०च्या दशकात जस्टिन अॅबट यांनी लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातलं देवनागरी हस्तलिखित अभ्यासकांच्या नजरेस आणलं, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली.

आता साधा हिशेब करा. दिवसाला १०० ओव्या उतरवल्या तरी १०,९६२ ओव्यांना ११० दिवस लागतात, म्हणजे दोन उपवासकाळांपेक्षा जास्त. एवढे श्रम माणूस कशासाठी घेतो?

इथे तुमचा हात 'आशा!' असं लिहायला शिवशिवेल. थांबा. पर्यायी स्पष्टीकरणं आधी मांडा. प्रत एखाद्या पाद्रीनं कामाची गरज म्हणून करून घेतली असेल. श्रीमंत घराण्यानं प्रतिष्ठेसाठी केली असेल. गाण्याची परंपरा चालू ठेवण्यासाठी केली असेल. या शक्यता वेगळ्या करायच्या असतील तर प्रतींकडे वस्तू म्हणून बघावं लागेल. समासात काही लिहिलंय का? कुठली पानं जास्त हाताळली गेली आहेत? कॅथरिन रुडी या अभ्यासिकेनं २०१० मध्ये युरोपातल्या मध्ययुगीन प्रार्थनापुस्तकांच्या पानांवरचा मळ डेन्सिटोमीटरनं मोजला आणि वाचक कुठल्या प्रार्थनेशी जास्त रेंगाळत होते ते दाखवलं. मळ मोजून भक्तीचा माग! विज्ञानातून आलेल्या विद्यार्थ्यानं असा प्रकल्प आपल्याकडच्या हस्तलिखितांवर करायला हरकत काय? दुःखसहनाचे अध्याय जास्त मळलेत की पुनरुत्थानाचे, हा प्रश्न आता हवेतला राहत नाही.

तोपर्यंत एवढं नक्की म्हणता येतं: राजसत्ता ज्या भाषेला संपवू पाहत होती, त्या भाषेतला १०,००० ओव्यांहून मोठा ग्रंथ लोकांनी पुढच्या पिढीसाठी उतरवून ठेवला. उतरवणाऱ्याची स्वर्गावर आशा होती की नाही हे सांगता येणार नाही. पण ही भाषा उद्याही कुणीतरी वाचेल, असं त्यानं नक्कीच गृहीत धरलं होतं. हीही आशाच आहे, आणि ती आपल्याला दाखवता येते.

योगायोगाची साडेबारा टक्के

आता एक सापळा. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबलचं मूळ भाषांतून मराठी भाषांतर केलं. ते काम पूर्ण होतानाच, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला त्यांचं निधन झालं. १९२२चा ईस्टर १६ एप्रिलला होता. म्हणजे रमाबाई उपवासकाळात गेल्या, आणि ज्या ग्रंथाच्या शेवटी नवी पृथ्वी येते त्याचं काम संपवून गेल्या. प्रस्तावनेची पहिली ओळ तयार!

पण हिशेब बघा. उपवासकाळ वर्षातले ४६ दिवस व्यापतो. ४६ भागिले ३६५, म्हणजे सुमारे साडेबारा टक्के. (नवी मुंबईत हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.) कुठलीही घटना निव्वळ योगायोगानं उपवासकाळात पडण्याची शक्यता आठात एक आहे. शिवाय मुक्ती मिशनचं वळण प्रॉटेस्टंट होतं. तिथे उपवासकाळाला कॅथलिक धर्मग्रामासारखं स्थान होतं असं गृहीत धरून चालणार नाही. तारीख जुळली म्हणून अर्थ जुळत नाही.

रमाबाईंच्या बाबतीत खरा पुरावा तारखेत नाही, कामात आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावला शेती, विणकाम, छापखाना, शाळा असं सगळं उभं राहिलं. या वस्तीचं नाव 'मुक्ती'. १६१६च्या ग्रंथात मुक्ती हा पापातून सुटून वैकुंठाला नेणारा शब्द आहे. केडगावात त्याच शब्दाच्या पत्त्यावर पोटाला भाकरी मिळत होती आणि हाताला काम. रमाबाईंनी शब्द स्टीफन्सकडून घेतला असं मात्र म्हणू नका. तो मराठीत आधीपासून सगळ्यांचाच होता.

तीन बिंदू म्हणजे आलेख नव्हे

पुढे १९१७ साली साताऱ्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही येशूचे अनुयायी म्हणून एकत्र आणणारा बंधुसंघ. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यामुळे प्रयोगाला फार आयुष्य मिळालं नाही. त्यानंतर कित्येक दशकांनी वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत शेती, पाणी आणि झाडं वाचवण्याचा प्रश्न श्रद्धेशी जोडला. 'सुवार्ता'चे संपादक राहिलेले आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले हेच दिब्रिटो. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'लौदातो सी' हे परिपत्रक आलं आणि सृष्टीची काळजी हा विषय जगभरच्या कॅथलिकांसमोर ठळकपणे मांडला गेला.

यातून एक सुबक कथा तयार होते: आधी आशा स्वर्गाची होती, मग समाजाची झाली, आता सृष्टीची झाली. व्हायवामध्ये ही कथा पाच मिनिटांत कोसळेल. का?

एक, स्टीफन्स आणि दिब्रिटो कॅथलिक, रमाबाई आणि टिळक प्रॉटेस्टंट. नमुने एकाच गटातले नाहीत. दोन, यशयाचा ५८वा अध्याय आणि सृष्टीची कथा पहिल्यापासून बायबलमध्ये आहेत. पैले पुराणही सृष्टीपासूनच सुरू होतं. तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं, कागदपत्रं एका जातीची नाहीत. १६१६ साली धर्मसत्तेच्या परवानगीशिवाय काही छापता येत नव्हतं. कुंकळ्ळीच्या एखाद्या माणसाला आपली जमीन, आपलं देऊळ परत मिळेल अशी या पृथ्वीवरचीच आशा असेल, तर ती कोणत्या छापखान्यानं छापली असती? विसाव्या शतकात मासिकं होती, मोर्चे होते, वर्तमानपत्रं होती. आशा बदलली की ती नोंदवायच्या जागा वाढल्या, हे दोन वेगळे दावे आहेत. माझं मत दुसऱ्या दाव्याकडे झुकतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमच्या विषयातला अमूर्त शब्द एका कागदावर लिहा. खाली तीन रकाने करा. पहिल्यात: हा शब्द वापरणारी कागदपत्रं कुणी, कुणाच्या परवानगीनं तयार केली. दुसऱ्यात: त्या शब्दामुळे लोकांनी केलेली अशी कृती, जिला वेळ, पैसा किंवा धोका पत्करावा लागला. तिसऱ्यात: त्या कृतीची किमान दोन पर्यायी स्पष्टीकरणं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर गाइडकडे जाण्याआधी अजून आठवडाभर वाचा.

दुसऱ्या रकान्यात काहीच सापडलं नाही तर विषय सोडू नका. आधी ते कुठे शोधलं ते तपासा. ज्यांना छापखाना मिळाला नाही त्यांची आशा प्रती उतरवण्यात, गाण्यांत, जमिनीच्या दाव्यांत, जपून ठेवलेल्या भाषेत सापडण्याची शक्यता असते.

पुढच्या लेखात हस्तलिखितांची वंशावळ कशी काढतात ते बघू. जीवशास्त्रवाल्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल: दोन प्रतींमध्ये एकच चूक असेल तर त्यांचा पूर्वज बहुधा एकच असतो.